पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तर: कोकणातल्या घरांसाठी

शिमग्याच्या पंधरवड्यात रात्री पावणेदहाला वाडीतल्या एका काकींचा फोन आला. "बाबू, माझ्या झिलाक पोलिसांनी न्हेल्यानी. आता मी काय करू?" पालखी आधी कुणाच्या अंगणात थांबणार यावरून दुपारी दोन भावक्यांत हमरीतुमरी झाली होती. एकाच्या कपाळाला खोक पडली, आणि दिवेलागणीला गाडी येऊन तीन पोरांना घेऊन गेली. दोन आमच्या भावकीतली, एक समोरच्यांचा. "चौकशी करून सोडतो" एवढंच सांगितलं होतं. कुठल्या ठाण्यात, कुणी नेलं, कशाबद्दल, काहीच कुणी विचारलं नव्हतं. काकींना तरी काय बोलणार? खाकी कपडे खळ्यात आले की भल्याभल्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

मी वकील नाही. गेली काही वर्षं तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो. ठाण्याच्या बाकावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून जे शिकलो ते इथे लिहितो, ज्यांनी ठाण्याची पायरी कधी चढलेली नाही त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पोलिसांच्या जवळजवळ प्रत्येक अधिकाराला कायद्याने एक कागद बांधून ठेवला आहे. बोलवायचं तर नोटीस. अटक करायची तर अटकेचा पंचनामा आणि लेखी कारणं. झडती घ्यायची तर पंच आणि जप्तीची यादी. चोवीस तासांच्या पुढे ठेवायचं तर न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश. कागद झाला की पोलिसाचा अधिकार खरा, आणि तुमचा हक्कही त्याच कागदावर लिहिलेला. म्हणून कागद मागणं म्हणजे पोलिसांशी भांडणं असं समजू नका. चांगल्या अधिकाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही.

पोलिसांना हे अधिकार हवेतच, हे आपल्या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. १९९३ साली मुंबईत फुटलेली स्फोटकं रायगडच्या दिघी आणि शेखाडीला उतरली होती. त्या वेळी पैसे घेऊन माल जाऊ देणाऱ्या कस्टम आणि पोलिसांतल्या काही जणांना पुढे टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाने शिक्षा केल्या. २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ रायफली असलेली रिकामी बोट लागली, तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात नाकाबंदी झाली. ती बोट भरकटत आली होती, घातपाताची नव्हती, हे तपासानंतर कळलं. रात्री गाडी थांबवून डिकी उघडायला सांगणारा हवालदार आपल्यासाठीच उभा असतो. त्याला सहकार्य करायचं, आणि त्याच वेळी त्याच्या कामाची नोंद होते का हेही बघायचं.

कलमांबद्दल थोडं. १ जुलै २०२४ पासून १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस आली. आकडे बदलले, पण ठाण्यातले जुने लोक अजून "एकशे सात", "एकशे एक्कावन्न" असंच बोलतात. मी खाली नवे आकडे देतो, लागेल तिथे जुनेही.

पहिली पायरी: चार प्रश्न आणि घड्याळ

पोलीस दारात आले किंवा फोन आला, तर शांतपणे विचारा. आपलं नाव आणि बक्कल नंबर काय? कुठलं ठाणं, की दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याखालची लांबची चौकी? गुन्हा दाखल आहे का, असेल तर गुन्हा रजिस्टर नंबर काय? आणि चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा: आमच्या माणसाला साक्षीदार म्हणून नेताय, संशयित म्हणून, की नुसत्या अर्जाच्या चौकशीला? प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

उत्तरं मिळोत न मिळोत, वेळ लिहून ठेवा. कॅलेंडरच्या पानावर, वहीत, मोबाइलमध्ये, कुठेही. "संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं, पांढरी गाडी, तिघे पोलीस." पुढची सगळी लढाई कधीकधी या एका ओळीवर उभी राहते.

दूरक्षेत्राचं मुद्दाम सांगतो. आपल्याकडे ठाणी लांब लांब. माणूस दूरक्षेत्रात बसवलेला असतो आणि घरचे तालुक्याच्या ठाण्यात शोधत फिरतात. दोन्हीकडे विचारा. पोलीस पाटलांना फोन करा. ते गाव आणि ठाणं यांतला दुवा आहेत, आणि अटकेच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायलाही चालतात.

दुसरी पायरी: बोलावणं कागदावर घ्या

साक्षीदाराला बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. यातली एक सूट फार थोड्या लोकांना माहीत आहे. कोणतीही स्त्री, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या पुढचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब पोलिसांनी घरी येऊन घ्यायचा. स्वखुशीने गेलात तर गोष्ट वेगळी. सत्तर वर्षांच्या आजीला एसटीने तालुक्याला बोलावलं जातं, आणि आजी पान-सुपारीचा बटवा घेऊन निघतेही. तिला सांगा, आजी, घरी बस.

संशयिताला बोलवायचं तर कलम ३५(३) ची नोटीस, जुन्या भाषेत "एक्केचाळीस अ". सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही. अटक का गरजेची आहे याची कारणं लिहायची, आणि गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात हे ठणकावून सांगितलं. नोटिशीप्रमाणे हजर होणाऱ्याला, कारणं नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. मात्र नोटीस हातात पडूनही गेला नाहीत तर ते अटकेला कारण होऊ शकतं. म्हणून नोटीस आली की जायचंच. तुम्ही मुंबईला कामावर असाल आणि तारीख जमत नसेल, तर लेखी अर्ज पाठवून पुढची तारीख मागा आणि पोच घ्या.

ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, घराबाहेर पडू नका, पैसे भरा" म्हणाला, तर तो चोर आहे. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० ला कळवा. निवृत्तीचे पैसे बँकेत असलेली आपल्याकडची एकटी राहणारी म्हातारी माणसं याला बळी पडतात, त्यांना हे तोंडी समजावून सांगा.

व्यवहारात बीट अंमलदार फोन करून "जरा येऊन जा" म्हणतो, नोटीस वगैरे नसते. गावात राहायचं आहे, तेव्हा मी लोकांना जायलाच सांगतो. पण एकटं जायचं नाही, आणि गेल्यावर म्हणायचं, "साहेब, नोटीस द्या, मी सही करून घेतो." त्या रात्री आम्ही नेमकं हेच केलं.

तिसरी पायरी: ठाण्यात गेल्यावर

आधी ठाणे अंमलदाराला भेटा. स्टेशन डायरी त्याच्यासमोर असते. कोण आलं, कोण गेलं, कुणाला कधी आणलं, हे तिच्यात वेळेसकट लिहायचं असतं. मी त्या रात्री एवढंच म्हणालो, "आमच्या दोन मुलांना सातच्या सुमाराला आणलंय, डायरीला नोंद झाली का?" अंमलदाराने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आत गेला. पाच मिनिटांनी तपासी अंमलदार बाहेर आले आणि पहिल्यांदाच कुणीतरी आम्हाला गुन्हा नंबर सांगितला. आवाज चढवला नाही, कुणा पुढाऱ्याचं नाव घेतलं नाही. नोंद विचारली, इतकंच.

जबाबाविषयी तीन गोष्टी. एक, तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही घ्यायची नसते, कलम १८१ तसं सांगतं. नोटिशीवर, अटकेच्या कागदावर, पंचनाम्यावर सही असते, ती वाचून करा. मराठी वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. कोऱ्या कागदावर कधीही, कुणीही सांगितलं तरी, सही करू नका.

दोन, विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायला तुम्ही बांधील आहात, पण ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते द्यायची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) चं हे संरक्षण कोर्टापुरतं नसून ठाण्यातल्या चौकशीलाही लागू आहे, असं १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. खोटं बोलू नका. "यावर मी वकिलांशी बोलून सांगतो" हे वाक्य पाठ करा.

तीन, पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ आज हे सांगतं, आणि मूळ नियम इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. परक्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होतं की कबुली चालते म्हटलं की ठाण्यात काठी चालते. अपवाद असा की कबुलीतून एखादी वस्तू सापडली, समजा विहिरीतून कोयता निघाला, तर तेवढा भाग वापरता येतो.

अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येतं (कलम ३८), मात्र पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेल असं नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं आहेत, तिथे लोक अभिरक्षक नावाचे सरकारी खर्चाचे बचाव वकील असतात. कोठडीतला माणूस, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. "फुकटचा वकील काय कामाचा" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या रिमांडला, म्हणजे पोलीस कोठडी मागायला कोर्टापुढे नेतात तेव्हा, उभा राहिलेला फुकटचा वकील हा चौथ्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या महागड्या वकिलापेक्षा शंभर पटीने कामाचा असतो.

चौथी पायरी: अटक झालीच तर, तो कागद बघा

अटकेचा पंचनामा हा साधा छापील नमुना असतो. नाव, वय, पत्ता, गुन्हा नंबर, कलमं, अंगावरच्या जखमा-खुणा, अंगझडतीत मिळालेल्या वस्तू, साक्षीदाराची सही, आरोपीची सही. या सगळ्यांत एक बारीक रकाना आहे: अटकेची तारीख व वेळ. तुमची नजर पहिल्यांदा तिथे जायला हवी.

कारण चोवीस तास तिथून मोजले जातात. राज्यघटनेचं कलम २२ आणि बीएनएसएसचं कलम ५८ सांगतात की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. संध्याकाळी सातला उचललेल्या पोराची अटक दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची दाखवली, की सतरा तास हवेत विरतात. त्या सतरा तासांत तो कुठे होता? कागदाप्रमाणे कुठेच नाही. मारहाण होते ती बहुतेक अशा कुठेच नसलेल्या तासांत. म्हणून ते कॅलेंडरवर लिहून ठेवलेलं "७ वाजून १०".

हे कागदाचे नियम कुणी आपणहून दिलेले नाहीत. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक मदत संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रालाच याचिका मानून डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद हवा, त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी, नातेवाइकांना कळवायला हवं. पुढे हे कायद्यात आलं, आज ते कलम ३६ आणि ४८ मध्ये आहे. आपल्या राज्यातही पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या लॉकअपमधल्या बायकांचे हाल पत्राने न्यायालयापुढे मांडले, आणि १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा असे आदेश निघाले.

आज स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवादात्मक वेळ असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. साठीच्या पुढच्या किंवा आजारी माणसाला, तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला घेऊन धावा.

आणि अटकेची कारणं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्या वरळीच्या अपघाताच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं त्या माणसाला कळेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि उशिरात उशिरा कोर्टापुढे नेण्याच्या दोन तास आधी. ती प्रत मागून घ्या, वकिलाला ती लागतेच.

अटकेनंतर वैद्यकीय तपासणी असते. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर घाईत असतात, पोलीस शेजारी उभे असतात. तरी कुठे लागलंय, दुखतंय, ते डॉक्टरांना मोठ्याने सांगायचं. "काही नाही" असं एकदा लिहिलं गेलं की पुढे सिद्ध करायला फार जड जातं.

पाचवी पायरी: न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचं एक मिनिट

तालुक्याच्या कोर्टात रिमांडचं काम झटपट चालतं. साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" पोरगा खाली बघतो आणि म्हणतो, "नाही." आणलेले पोलीस मागेच उभे, आणि संध्याकाळी त्यांच्याच बरोबर परत जायचं असतं. हे "नाही" मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आधीच सांगून ठेवतो: मारलं असेल तर तिथे बोल. पूर्ण राज्यात त्या क्षणी तुझं ऐकायला बांधील असलेला एकच माणूस समोर बसलाय. तो लिहून घेईल, पुन्हा तपासणीला पाठवेल. चोवीस तासांपेक्षा जास्त झाले असतील तर तेही तिथेच सांग.

पोलीस कोठडी, जिला सगळे पीसीआर म्हणतात, एकूण पंधरा दिवसांपर्यंतच मिळते. मात्र नव्या कायद्यात ती सलग घ्यावी लागत नाही, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. मला हा बदल पटलेला नाही. न्यायालयीन कोठडीत गेलेल्या माणसाला पूर्वी पंधरवडा उलटला की ठाण्याची भीती नसायची, ती आता डोक्यावर राहते. साठ दिवसांत, किंवा मोठ्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण अर्ज करावा लागतो, आपोआप कुणी सोडत नाही. तारीख मोजत राहा.

सहावी पायरी: जामीन आणि आपला सामायिक सातबारा

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्कच आहे, ठाण्यातूनही मिळतो. अजामीनपात्रला कोर्ट ठरवतं. अटकेची धास्ती असेल तर अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात, पुढे उच्च न्यायालयात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. रायगडला अजून मुंबईच.

कोकणातली खरी अडचण आदेश झाल्यावर सुरू होते. जामीनदार आणायचा, त्याने सातबारा दाखवायचा. आपला सातबारा कसा, तर पणजोबांपासून फेरफार न झालेला, चाळीस नावं, त्यात निम्मी वारलेली, आणि आणेवारीचा हिस्सा किती ते कुणालाच सांगता येत नाही. अशा उताऱ्यावर ऐपत दाखवायची कशी? म्हणून तहसीलदारांकडून ऐपतीचा दाखला, घरपट्टीची पावती, पगारपत्रक, असं काहीतरी हाताशी ठेवा. रोख रक्कम भरून सोडण्याची विनंती वकिलामार्फत करता येते. गरिबीमुळे जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर त्या माणसाला निर्धन समजून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडावं असं कलम ४७८ सांगतं. आदेश होऊनही जामीनदाराअभावी आत राहिलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाला जरूर कळवा.

घराची, गाडीची, होडीची झडती

घरात झडती घ्यायची तर दोन स्वतंत्र पंच हवेत, तुम्हाला हजर राहू दिलं पाहिजे, स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची, आणि जप्त मालाची यादी तुम्हाला मिळाली पाहिजे. नव्या कायद्याच्या कलम १०५ ने मोठी गोष्ट केली: झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. "साहेब, शूटिंग सुरू आहे ना?" हे विचारायला लाजू नका. मोबाइल नेला तर कंपनी, मॉडेल, आयएमईआय क्रमांक यादीत लिहून घ्या.

गावकऱ्यांनाही एक विनंती. पंच व्हायला कुणी पुढे येत नाही, "कोर्टाच्या फेऱ्या नकोत" म्हणून. मग पोलीस ओळखीचे नेहमीचे पंच आणतात आणि आपणच म्हणतो, पंचनामा खोटा. शेजाऱ्याच्या घराची झडती चालू असेल तर डोळे उघडे ठेवून पंच व्हा.

गोव्याहून येताना इन्सुली नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. गोवा बनावटीची दारू सापडली तर मालाबरोबर गाडीही जाते. जप्त गाडी कोर्टाकडे अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांगाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर, मागता येते. गाड्या ठाण्याच्या आवारात सडू देऊ नका असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय. दारूबंदीच्या गुन्ह्यात मात्र वेळ लागतो, तेव्हा भाच्याच्या लग्नासाठी म्हणूनसुद्धा दोन पेट्या आणू नका. होडीवर तांडेलाने खलाशांची ओळखपत्रं आणि होडीचे कागद बरोबर ठेवावेत, आणि समुद्रात कुणी थांबवलं तर वेळ व ठिकाण लिहून ठेवावं.

वाडीत अनोळखी माणूस चोर म्हणून पकडला तर काय, हेही यातच येतं. सामान्य माणसाला समोर घडलेल्या गंभीर गुन्ह्यात पकडता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. माडाला बांधून मारलं तर गुन्हेगार आपण.

चॅप्टर केस: भाऊबंदकीचा कायदा

कोकणात माणसाची पोलिसांशी पहिली गाठ बहुधा इथे पडते. बांध, पाणंद, कलमांच्या आंब्याची तोड, घराची पडवी, पालखीचा मान. भांडण होतं, दोन्हीकडचे ठाण्यात जातात, एनसी लिहिली जाते. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून "तक्रार दिली तरी काहीच केलं नाही" अशी ओरड होते. मग पुढचं भांडण टाळायला पोलीस दोन्ही बाजूंवर प्रतिबंधक कारवाई करतात. यालाच चॅप्टर केस म्हणतात. जुनं १०७, आताचं कलम १२६.

ही नोटीस तहसीलदार किंवा प्रांतांकडून, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून, येते. ती शिक्षा नाही, गुन्हा सिद्ध झालेला नाही. शांतता राखण्याचं बंधपत्र का घेऊ नये याचा खुलासा मागितलेला असतो. माहिती काय मिळाली, रक्कम किती, मुदत किती, हे आदेशात लिहिलेलं असायला हवं. ते नसेल तर मागून घ्या. खुलासा द्या, लेखी द्या, आणि तारखेला जा. लोक दोन चुका करतात. काही जण घाबरून न वाचता बंध लिहून देतात, आणि काही जण "ह्यात काय असता" म्हणून तारखा चुकवतात. दोन्हींनी नुकसान होतं, कारण बंधाच्या मुदतीत भांडण झालं तर रक्कम जप्त होऊ शकते.

कलम १७० खाली, म्हणजे जुन्या १५१ खाली, दखलपात्र गुन्हा घडण्याच्या बेतात असेल तर पोलीस माणसाला आधीच ताब्यात घेऊ शकतात, पण चोवीस तासांपर्यंतच. पालखीच्या रात्री हा अधिकार गरजेचा असतो, मी स्वतः डोकी फुटताना पाहिली आहेत. पण जमिनीच्या वादात एका बाजूने दुसऱ्याला घाबरवायला पोलिसांचा असा वापर करून घेणं, हे पाप आहे आणि आपलेच लोक ते करतात. बांध कुणाचा हे पोलीस ठरवू शकत नाहीत. मोजणी भूमी अभिलेखकडे, हक्काचा दावा दिवाणी कोर्टात, आणि वहिवाटीची वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे. ठाण्यात हे सांगितलं तर बहुतेक अधिकारी सुटकेचा निःश्वास टाकतात.

तक्रारदार तुम्ही असाल तर

दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुणाची हा प्रश्न नंतरचा. रेल्वेत चिपळूण-रत्नागिरीच्या मध्ये बॅग गेली तर उतराल तिथे द्या. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करा. प्रत मोफत मिळते. घेतली नाही तर रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, आणि त्यानंतर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे पोलिसांनी कळवायचं असतं.

ठाण्यात अन्याय झाला तर अधीक्षक, राज्य मानवी हक्क आयोग, पोलीस तक्रार प्राधिकरण, सगळे रस्ते खुले आहेत. पण पहिल्या दोन दिवसांत एक अर्ज टाका: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवा. प्रत्येक ठाण्यात, लॉकअपबाहेर, दारात कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण किमान वर्षभर राहायला हवं असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं. अर्जाची पोच तुमच्या जवळ असली म्हणजे "कॅमेरा बंद होता" हे उत्तर तितकं सोपं राहत नाही.

त्या रात्री साडेबाराला आमची दोन्ही पोरं ३५(३) च्या नोटिशीवर सह्या करून घरी आली. मंगळवारी सकाळी दहाला हजर झाली, जबाब दिले, परत आली. काकींनी देवाला नारळ ठेवला.

तिसरा पोरगा, समोरच्या भावकीतला, बाकाच्या टोकाला बसला होता. बाप मुंबईला, आई घरात एकटी. तिच्याशी आमचं बोलणं नव्हतं. मी "आमच्या दोन मुलांची" नोंद विचारली आणि त्याच्यासमोरून निघून आलो. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच होता, आणि डायरीत त्याचं नाव सकाळी अकराला चढलं. हे मला चार दिवसांनी त्याच्या आईने सांगितलं, आमच्या पायरीवर उभं राहून, आत न येता. आम्ही दोघांनी मिळून तिचा अर्ज लिहिला आणि चित्रीकरणाची मागणी केली. आता ठाण्यात गेलो की अंमलदाराला मी आधी विचारतो, आत कोण कोण बसलंय, आणि सगळ्यांची नावं वहीत उतरवून मगच आमच्या माणसाचं विचारतो.